आईचं नाव: आडवी रेघ

बू लेगिरा चहा बिनसाखरेचा प्यायच्या. आमच्याकडे चहा म्हणजे नुसता साखरेचा पाक. त्यामुळे कँटीनवाली दर वेळी नव्याने हसायची. "नाव लेगी आणि चहा कडू." लेगी म्हणजे गोड. बाजाराच्या पाच वारांतल्या एका वाराचं नावही लेगी. त्या वारी जन्मल्या म्हणून लेगिरा. एवढंच नाव. पुढे काही नाही, मागे काही नाही.

लग्नात पाहुण्यांच्या वहीत सही करण्याआधी वरची सगळी नावं वाचायच्या. कुणी दोनदा लिहिलंय का ते बघायच्या. पाण्याच्या सीलबंद प्लास्टिकच्या पेल्यात नळी खुपसायच्या नाहीत, वरचा कागद कडेकडेने सोलून काढायच्या. कुणी "हे दोन्ही एकच" म्हणालं, की "कशावरून?" विचारायच्या. भांडणाचा सूर नसायचा. खरंच जाणून घ्यायचं असायचं. विभागाची बैठक संपली की साबण लावून हात धुवायच्या. मी एकदा म्हटलं, बू, तुम्ही कुणाशी हातसुद्धा मिळवला नाहीत. तर म्हणाल्या, "शब्द चिकटतात, न्दुक." बू म्हणजे बाई, न्दुक म्हणजे पोरी. मला त्या एवढंच म्हणायच्या, किंवा चिडवायचं असलं तर 'कविणबाई'.

अर्जात एखादा रकाना रिकामा राहणार असेल तर तो रिकामाच ठेवायच्या. तिथे कधी रेघ मारायच्या नाहीत. मारलेली दिसली तर खोडरबराने पुसायच्या, दुसऱ्याच्या अर्जातलीही. ही सवय मात्र शेवटच्या चार महिन्यांतली.

आज एकोणतीस डिसेंबर. त्या जाऊन सतरा दिवस झाले. माझ्या टेबलावर त्यांची वही आहे.

बू लेगिरा आमच्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवायच्या. अठ्ठावीस वर्षं. त्यांचा विषय डेटाबेस आणि डेटा मायनिंग, पण त्या तसं सांगायच्या नाहीत. कुणी विचारलं, की सांगायच्या, "दोन ओळी समोर ठेवल्या तर त्या एकाच माणसाच्या आहेत का दोघांच्या, हे बघते." मग? "मग काही नाही. एवढंच बघते."

मी साहित्याची. जुन्या पोथ्यांवर प्रबंध लिहिला आणि घरी बसले. विभागाला लेखांची भाषा सुधारणारं कुणीतरी हवं होतं. वर्षाच्या करारावर मला घेतलं. मला वाटलं होतं, शास्त्रज्ञांच्यात जातेय, काहीतरी स्वच्छ असेल. पहिल्याच महिन्यात मला तिथल्या हवेची किळस आली. एक लेख, त्यावर नऊ नावं. नवांतल्या सहांनी तो वाचलेला नसायचा. त्या सहांनी आपल्या लेखांत या लेखाचा उल्लेख करायचा, यांनी त्यांचा करायचा. महिन्याच्या शेवटी भिंतीवर तक्ता लागायचा, कुणाचे किती उल्लेख. परिसंवाद झाला की खाऊचे डबे. डब्यात केळीच्या पानात बांधलेल्या भाताचा लेम्पर, एक तळलेलं काहीतरी, पाण्याचा पेला. अर्धे डबे कुणी उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या टोपलीतून आंबट भाताचा वास यायचा आणि मुंग्यांची रांग थेट त्या तक्त्यापर्यंत गेलेली असायची. मी ती रांग रोज बघायचे.

बू लेगिरांचं नाव त्या तक्त्यात शेवटून दुसरं असायचं. शिवाय ते दोनदा असायचं. परदेशी नियतकालिकांना नाव आणि आडनाव दोन्ही लागतात, एक रकाना मोकळा सोडला तर लेख पुढे जात नाही. म्हणून त्या जगभर 'लेगिरा लेगिरा' होत्या. "मी नोंदी दुबार आहेत का ते शोधते," म्हणायच्या, "आणि मीच दुबार."

त्यांची खरी गोष्ट मला कँटीनवालीने सांगितली. मेरापी ज्वालामुखी फुटला त्या वर्षी ती छावणीत होती. नवरा सापडत नव्हता. चाळीस छावण्या, चाळीस याद्या, कुठे वहीत, कुठे पुठ्ठ्यावर. बू लेगिरा विद्यार्थ्यांना घेऊन बसल्या आणि सगळ्या याद्या एकत्र केल्या. तिचा नवरा पैमिन. यादीत पैमिन नव्हता. बूंनी विचारलं, "लग्नात नाव बदललं होतं का?" आमच्याकडे पुरुष लग्नानंतर मोठेपणाचं नाव घेतात. तो घाबरून लहानपणचं नाव सांगून बसला होता. बूंच्या प्रोग्रॅमने वय, गाव आणि बायकोचं नाव जुळवून दोन ओळी एक केल्या. नवरा अकरा किलोमीटरवरच्या शाळेत होता. "गोठा कुणी बंद केला, हे विचारत होता," कँटीनवाली म्हणाली. "मला नाही विचारलं. गोठ्याचं विचारलं."

म्हणजे ते यंत्र माणसं जोडायला केलेलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याचं काम आलं. मोफत उपचाराच्या आरोग्य कार्डांची यादी फुगली होती. एकाच माणसाची दोन-दोन कार्डं. ती यादी साफ करायची. विभागप्रमुख पाक बास्कोरोंनी काम घेतलं. आमच्याकडे पुरुषाला मानाने पाक म्हणतात. प्रोग्रॅम बूंचा. नऊ हजारांवर दुबार नोंदी निघाल्या. जिल्हाधिकाऱ्याने ढाल दिली, वर्तमानपत्रात फोटो आला, त्यावर लेख झाला. पहिलं नाव पाक बास्कोरोंचं. बूंचं तिसरं.

त्या अहवालाची भाषा मी सुधारली. बूंनी लिहिलं होतं, 'या ओळी एकाच व्यक्तीच्या असण्याची शक्यता मोठी आहे.' पाक बास्कोरो मला म्हणाले, "हे फार लांब आहे. साहित्यवाली ना तू? एक चांगला शब्द दे." मी दिला. 'साफ केलेल्या नोंदी.' त्यांना इतका आवडला की मुखपृष्ठावर घातला. तो शब्द माझा आहे. मला आता तो उच्चारता येत नाही.

ऑगस्टमध्ये बूंच्या मावशी जिल्ह्याच्या रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या. मावशी म्हणजे बूंच्या आईच्या थोरल्या बहीण, म्हणून बुडे पाइनेम. कालितुरी गावात एकट्या राहतात. बू बरोबर होत्या, मी स्कूटरवरून मागून पोचले. मावशींच्या डोळ्यांत थेंब घालून झाले होते. डोक्याला हिरवी टोपी. आणि त्यांना बाहेर बाकावर आणून बसवलं होतं. नर्स तरुण होती, पडद्यावर बघून बोलत होती. म्हाताऱ्या माणसाला, बाई असो की पुरुष, आमच्याकडे म्बाह म्हणतात.

"म्बाह, तुमचा उजवा डोळा झालेला आहे."

"काय झालंय?"

"ऑपरेशन. मार्चमध्ये."

"कुणी केलं?"

"आमच्याच डॉक्टरांनी केलं, म्बाह. इथे लिहिलंय."

मावशींनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "मग दिसत का नाही गं?"

नर्स म्हणाली, "त्यासाठी तक्रारीची खिडकी वेगळी आहे."

बू हसल्या. मला आठवतंय, आधी हसल्या. मग नर्सला म्हणाल्या, "आईचं नाव काय दिसतंय तिथे?"

नर्सने पडदा वळवला. नाव पाइनेम. जन्म एकतीस डिसेंबर एकोणीसशे बेचाळीस. गाव कालितुरी. आईचं नाव: आडवी रेघ.

कालितुरीच्या वरच्या पाड्यात आणखी एक म्बाह पाइनेम आहेत. मार्चमध्ये डोळा त्यांचा झाला होता. बाजाराच्या पाहिंग वारी मुलगी झाली की पाइनेम, हे गावात ठरलेलं. त्या पिढीच्या दर पाचांतली एक बाई पाइनेम असायची. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, वार माहीत असतो. कार्डं निघाली तेव्हा कारकुनाने सगळ्या म्हाताऱ्यांना एकतीस डिसेंबर देऊन टाकला. नाव सारखं, तारीख सारखी, गाव सारखं, आई सारखी. प्रोग्रॅम म्हणाला, एकच बाई. एक ओळ ठेवली, एक काढली. मावशी दुसऱ्या पाइनेमच्या ओळीत राहत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

परतताना बू माझ्या मागे बसल्या. चौकात स्कूटर थांबवायला लावली, गटाराशी उभ्या राहिल्या आणि ओकल्या. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी कागद सोलला नाही. थेट नळी खुपसली.

"पहिल्या वर्षाच्या पोरांना काय शिकवते मी?" म्हणाल्या.

मला माहीत होतं. त्या वर्गाबाहेरून मी कितीदा गेले होते. रिकामा रकाना म्हणजे 'माहीत नाही'. दोन 'माहीत नाही' सारखे नसतात. तुमच्या खिशात काय आहे मला माहीत नाही, त्यांच्या खिशात काय आहे तेही माहीत नाही, म्हणून दोघांच्या खिशात एकच वस्तू आहे का? पोरं हसायची. डेटाबेसला हे कळतं, रिकामं आणि रिकामं तो जुळवत नाही.

"पण इथे रिकामं नव्हतंच," बू म्हणाल्या. "रेघ होती. रेघ आणि रेघ सारखीच असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही कालितुरीच्या ग्राम कार्यालयात गेलो. कारकून पाक जुमादी. भला माणूस. आम्हाला चहा दिला, गोड. बूंनी तो प्यायला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"पाक, या रेघा कुणी घातल्या?"

"मीच, बू. मी आणि शेजारच्या गावातल्या माझ्यासारख्यांनी."

"का?"

"काय करणार? रकाना मोकळा ठेवला तर यंत्र पुढेच जाईना. मी टिंब देऊन बघितलं, नाही म्हणालं. शून्य दिलं, नाही म्हणालं. रेघेला हो म्हणालं. मग मी सगळ्यांना सांगितलं, रेघ चालते."

"त्यांना विचारलं होतंत? आईचं नाव?"

"विचारलं की." पाक जुमादी हसले. "तुम्हीच विचारून बघा ना. म्हातारीला विचारा, आईचं नाव काय? ती म्हणते, आई. अहो पण नाव? म्हणते, आईला नावाने हाक मारणारी मी कोण? शेजारी काय म्हणायचे? म्हणते, पाइनेमची आई म्हणायचे. आता मी काय लिहू, बू? पाइनेमच्या आईचं नाव पाइनेमची आई?"

बूंनी हाताने तोंड झाकलं. मला वाटलं हसतायत.

काढलेल्या नऊ हजारांत रेघवाल्या किती, ते त्यांनी त्याच संध्याकाळी काढलं. एक हजार एकशे त्रेचाळीस. सगळे साठीच्या वरचे, बहुतेक बायका.

पाक बास्कोरोंच्या खोलीत मला त्यांनी मुद्दाम नेलं. साक्षीदार म्हणून असेल. पाक बास्कोरो तेव्हा प्रोफेसर व्हायच्या बेतात होते. टेबलावर झग्याच्या कापडाचे नमुने पडले होते.

"लेख मागे घ्यायचा," बू म्हणाल्या. "आणि जिल्ह्याला कळवायचं."

"बू लेगिरा, बसा तर खरं. नऊ हजारांत हजार. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के बरोबर. कुठल्या जगात तुम्हाला नव्वदच्या वर मिळतात?"

"ती माणसं आहेत, पाक."

"डेटामधली माणसंच असतात हो सगळी." त्यांनी एक नमुना बोटांत चोळून बघितला. "माझी फाईल मंत्रालयात आहे. या लेखावर आहे. आता मागे घेतला तर माझंच नाही, आपल्या अख्ख्या विभागाचं तोंड काळं होईल. कविणबाईंनाही विचारा, करार विभागच देतो ना?"

ते नाव त्यांनी कुठून ऐकलं होतं कोण जाणे. त्यांच्या तोंडून ते ऐकताना अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं. मी काही बोलले नाही. हेही लिहून ठेवते.

बूंनी नियतकालिकाला एकटीने पत्र लिहिलं. उत्तर आलं, नऊही लेखकांची संमती लागेल. जिल्ह्यालाही लिहिलं. तिथून उत्तर आलं, त्यात एक वाट होती. पुढच्या वर्षाची यादी एकतीस डिसेंबरला बंद होते. तोवर रेघेच्या जागी आईचं नाव आणा, खाली शास्त्रज्ञांची सही करा. नाव दुसऱ्या नोंदीपेक्षा वेगळं निघालं तर ओळ परत घेऊ. रकाना मोकळा चालणार नाही.

मग आम्ही स्कूटरवरून हिंडायला लागलो. आठवड्यातून तीन दिवस, वर्ग नसायचे तेव्हा. म्हाताऱ्यांच्या तपासणीचा दिवस गाठायचा, सगळ्या एका ओसरीवर भेटायच्या. बूंनी वहीत रकाने आखले होते. नाव, पाडा, वार, आईचं नाव, आणि शेवटी 'कशावरून'.

वार सगळ्यांना पाठ होता. बाजाराचा वार नावातच असायचा, आठवड्याचा तेवढा विचारायचा.

"म्बाह, वार कुठला?"

"मंगळवार पाहिंग. तापट वार. म्हणून दोन नवरे पळाले."

"एक पळाला," शेजारची म्हणायची. "दुसऱ्याला तूच हाकललंस."

आईचं नाव काढणं म्हणजे दात काढणं. थेट विचारून मिळायचं नाही. बूंनी एक युक्ती शोधली. "तुमच्या वडिलांना राग आला की ते आईला काय म्हणून ओरडायचे?" मग म्हाताऱ्या पदराने तोंड झाकून हसायच्या आणि हळूच नाव सांगायच्या. सानेम. कासिया. रुबिंगा. पन्नास-साठ वर्षांत कुणी न उच्चारलेली नावं. एकीने नाव सांगितलं आणि लगेच आईची माफी मागितली, तिथेच, हवेत बघून.

एका ओसरीवर एक म्बाह म्हणाल्या, "मग आम्ही काय होतो यादीत? मेलेलो?"

"नाही, म्बाह. दुबार."

"दुबार म्हणजे?"

बूंनी वहीचं पान उलटलं. मी म्हटलं, "जास्तीच्या."

"हां," त्या म्हणाल्या. "सुनेलाही तसंच वाटतं." सगळ्या ओसरीने हसून घेतलं.

बू हसल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, "मला मेरापीचं कौतुक सांगत जाऊ नकोस यापुढे. लोकांची नावं बदलतात हे तेव्हा मला सुचलं, कारण मी तिथे चिखलात उभी होते. इथे मी खोलीत होते. माझ्याच मावशीची ओळ माझ्याच प्रोग्रॅमने काढली. मी त्या गावात जन्मले, न्दुक. किती पाइनेम असतात हे मला कुणी सांगायला हवं होतं का?" आणि थोड्या वेळाने, "शी." एवढंच. स्वतःला उद्देशून.

नोव्हेंबरमध्ये पाक बास्कोरो प्रोफेसर झाले. मोठं सभागृह, काळे झगे, बाहेर फुलांच्या पाट्यांची रांग. विभागाला हजेरी सक्तीची. भाषणाचं नाव होतं 'साफ माहिती, साफ प्रशासन'. माझा शब्द, दोनदा. त्यांनी आईवडिलांचे आभार मानले, आईचं पूर्ण नाव घेतलं, रुमाल काढला. मग म्हणाले, "आमच्या पद्धतीने नऊ हजार खोट्या नोंदी नाहीशा झाल्या." टाळ्या. बूंच्या तोंडात लेम्परचा घास होता. त्यांनी तो तसाच डब्यात थुंकला, झाकण लावलं, डबा मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ताठ बसल्या. बाहेर आल्यावर हात धुवायला गेल्या त्या वीस मिनिटं आल्या नाहीत.

डिसेंबर उजाडला तेव्हा आठशे एकाहत्तर जणींपर्यंत पोचून झालं होतं. काही खरंच दुबार होत्या, काही वारल्या होत्या. सहाशेच्या वर जिवंत, वेगळ्या, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या निघाल्या. त्यांच्या ओळी सहीसकट जिल्ह्याला गेल्या, पुन्हा यादीत आल्या. दोनशे बहात्तर राहिल्या होत्या. आणि बुडे पाइनेमची ओळ त्यातच होती.

"तुमच्या मावशींचं का राहिलंय?" मी विचारलं.

"घरचं आहे. होईल."

होत नव्हतं. मावशी नऊ वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. वडील 'नेमची आई' म्हणून हाक मारायचे. रागावलेही तसेच. बूंची आई तर तेव्हा पाळण्यात होती. म्हणजे बूंना स्वतःच्या आजीचं नाव माहीत नव्हतं. कागद कुठेच नाही. थडग्यावर लाकडी फळी होती, ती वाळवीने खाल्ली. वरच्या पाड्यातल्या पाइनेमच्या आईचं नावही मिळालं नव्हतं, म्हणजे तिकडे रेघच होती. इथे दुसरं काहीही लिहिलं तरी ओळ यादीत परत येणार होती.

मावशी दर वेळी विचारायच्या, "राह, माझा डोळा कधी गं?" लेगिराचं राह. "ती वरची पाइनेम बाजारात आता नोटांचे आकडे वाचते. माझ्याकडे बघून डोळा मिचकावते. माझाच डोळा आहे म्हणते तो."

आम्ही दोघी मावशींच्या ओट्यावर बसलो होतो. मी वही पुढे ओढली.

"बू, काहीतरी लिहा. सुमिरा लिहा. कोण तपासणार आहे? यंत्राला नुसतं वेगळं नाव हवंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लेखातल्या चुकीकडे बघतात तसं.

"जुमादीनेही हेच केलं होतं, न्दुक. यंत्राला जे चालतं ते लिहिलं."

"तो आळस होता. ही मदत आहे."

"कशावरून?"

मावशी आतून म्हणाल्या, "कोण सुमिरा? आमच्यात कुणी सुमिरा नव्हती."

बूंना विचारायला एकच माणूस उरला होता. गावच्या दफनभूमीचे जुने राखणदार, म्बाह सोरेजो. नव्वदीचे. आता मुलाकडे, डोंगरापलीकडे. कुणाची माती कुठे हे त्यांना नावानिशी पाठ आहे म्हणतात, कारण दफनाच्या वेळी नाव घ्यावंच लागतं. तेवढ्यापुरतं तरी बाईला नाव असतं. रविवारी जायचं ठरलं.

गुरुवारी ताप आला. ओसऱ्यांवर, पाण्याच्या हंड्यांशेजारी आम्ही महिनोन्महिने बसलो होतो, तिथलेच डास असतील. शुक्रवारी त्यांनी वर्ग घेतला. शनिवारी दवाखान्यात नेलं. डेंगी. मी गेले तेव्हा हातावर लाल ठिपके आले होते. म्हणाल्या, "रविवार पुढे ढकलू या." मग म्हणाल्या, "जास्त नको." मंगळवारी पहाटे गेल्या. पंचावन्न वर्षांच्या होत्या. म्हणजे कार्डावर. त्यांचीही तारीख शाळामास्तरांनी घातलेली होती.

दुपारपर्यंत दफन झालं. घराबाहेर फुलांच्या पाट्या आल्या. विद्यापीठाची, विभागाची, जिल्ह्याची. विभागाच्या पाटीवर पिवळ्या फुलांत लिहिलं होतं, डॉ. लेगिरा लेगिरा. कुणालाच ते खटकलं नाही. मी पाटीपाशी उभी होते. पाक बास्कोरो माझ्याजवळ आले, काळा चष्मा, हातात खाऊचा डबा.

"आठशेच्या वर झालं होतं ना काम?" ते म्हणाले. "शहात्तर टक्के. आपल्या क्षेत्रात शहात्तर वाईट नाही. त्यांच्या नावाने एक स्मृतिलेख काढू. तू भाषा बघ."

मी त्यांच्या डब्याकडे बघत राहिले. त्यातून तेल पाझरत होतं, अंगठ्याला लागलं होतं. तो अंगठा त्यांनी पाटीच्या कडेला पुसला.

जिल्ह्याला मी फोन केला. उरलेल्या ओळींवर सही कुणाची चालेल? तिथली बाई नम्रपणे म्हणाली, शास्त्रज्ञांचीच लागेल, किंवा विभागप्रमुखांची. पाक बास्कोरोंना विचारलं. म्हणाले, नव्या वर्षात बघू. नव्या वर्षात यादी बंद असते, हे त्यांना माहीत आहे.

वहीत सगळ्यांत खाली सह्या करून ठेवलेले सहा कोरे अर्ज सापडले. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशीचे असावेत. सही थोडी हललेली आहे. म्हणजे दोनशे बहात्तरांतल्या सहा जणींना अजून वाट आहे. पाच जणींची नावं मी काल आणि आज मिळवली. अर्ज भरले. यादी परवा, रविवारी बंद होते. सहावा अर्ज समोर आहे, आणि त्याच्यासमोर वहीतली त्यांच्या अक्षरातली शेवटची ओळ.

नाव: पाइनेम. पाडा: खालचा. वार: मंगळवार पाहिंग. आईचं नाव. तो रकाना रिकामा आहे. रेघ नाही. पुढच्या, 'कशावरून'च्या रकान्यात पेन्सिलीने बारीक लिहिलंय, 'रविवारी म्बाह सोरेजोंना विचारणे.'